एनआयपीटी रक्ततपासणी: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील गर्भवती, त्यांचे पती, सासूबाई आणि कधीकधी गावातील आशाताईसुद्धा या तपासणीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी जेथे आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही माहिती आपल्या डॉक्टरांशी बोलण्याआधी वाचावी, त्यांच्याशी बोलण्याऐवजी नव्हे.

१. एनआयपीटी म्हणजे नेमके काय? बाळाचा डीएनए आईच्या रक्तात येतो कसा?

एनआयपीटी (नॉन-इन्व्हेझिव्ह प्रीनेटल टेस्टिंग) म्हणजे गर्भाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता आईच्या रक्तावरून पाहणारी चाळणी परीक्षा. गर्भारपणात वारेच्या पेशी सतत झिजत असतात आणि त्यांच्या जागी नव्या तयार होत असतात. झिजलेल्या पेशींमधील डीएनएचे अतिशय बारीक तुकडे आईच्या रक्तात मिसळतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या रक्तद्रवात तरंगणाऱ्या अशा मोकळ्या डीएनएपैकी साधारण दहावा भाग वारेकडून आलेला असतो आणि उरलेला आईचा स्वतःचा असतो. गर्भारपणातील असा डीएनए आईच्या रक्तात सापडतो, हे हाँगकाँगमधील संशोधक डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. २०११ पासून त्यावर आधारलेली तपासणी रुग्णांसाठी उपलब्ध झाली.

प्रयोगशाळेत असे लाखो तुकडे वाचले जातात आणि प्रत्येक तुकडा कोणत्या गुणसूत्राचा आहे याची मोजदाद होते. गर्भात २१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असेल, तर त्या गुणसूत्राच्या तुकड्यांचा वाटा किंचित वाढतो. वारेचा डीएनए दहा टक्के असेल तर ही वाढ सुमारे पाच टक्क्यांची असते, म्हणजे मोजणी फार काटेकोर असावी लागते. सवयीने आपण ‘बाळाचा डीएनए’ म्हणतो, पण तो वस्तुतः वारेचा असतो, हे लक्षात ठेवावे, कारण प्रश्न ७ मधील सगळा गुंता याच फरकातून निर्माण होतो.

२. या तपासणीत कोणते आजार कळतात?

मुख्यतः तीन: डाउन सिंड्रोम (२१ व्या गुणसूत्राची जास्तीची प्रत), एडवर्ड्स सिंड्रोम (१८ व्या गुणसूत्राची) आणि पटाऊ सिंड्रोम (१३ व्या गुणसूत्राची). यांपैकी डाउन सिंड्रोमच्या बाबतीत तपासणी सर्वांत भरवशाची असून असे शंभरपैकी सुमारे नव्याण्णव गर्भ तिच्यात पकडले जातात. इतर दोन आजारांबाबत अचूकता थोडी कमी आहे. काय कळत नाही, त्याची यादी बरीच मोठी आहे. ती प्रश्न ८ आणि १३ मध्ये पाहावी.

३. रक्त कोणत्या आठवड्यात द्यावे? पाळीची नेमकी तारीख आठवत नसेल तर काय करावे?

दहा आठवडे पूर्ण झाल्यानंतर कधीही. त्याआधी वारेचा डीएनए पुरेसा नसतो. आमच्या भागात अनेक जणी ‘आखाजीला माहेरी गेले होते, त्यानंतर चार दिवसांनी पाळी आली’ अशा पद्धतीने तारीख सांगतात. त्यात काहीही गैर नाही. डॉक्टरांना त्यावरून अंदाज येतो. मात्र या तपासणीसाठी सोनोग्राफीने गर्भाचे वय निश्चित करून घेणे आवश्यक आहे. त्याच सोनोग्राफीत गर्भ एक आहे की दोन, आणि हृदयाचे ठोके आहेत की नाहीत, हेही कळते. ते माहीत नसताना रक्त देणे म्हणजे पैसे वाया घालवण्याची शक्यता ओढवून घेणे होय.

उपाशीपोटी येण्याची गरज नाही. हाताच्या शिरेतून नेहमीसारखेच रक्त घेतात.

४. डबल मार्कर आणि एनटी स्कॅन झाले आहे. मग एनआयपीटी कशासाठी?

डबल मार्कर (आईच्या रक्तातील दोन घटकांची तपासणी) आणि एनटी स्कॅन (गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) मिळून अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान होणारी तपासणी डाउन सिंड्रोमच्या शंभरपैकी सुमारे पंच्याऐंशी ते नव्वद गर्भांना पकडते आणि निरोगी गर्भ असलेल्या शंभरपैकी पाच जणींना विनाकारण ‘जोखीम जास्त’ असे सांगते. एनआयपीटीमध्ये असा खोटा इशारा हजारात एखादीलाच मिळतो. त्यामुळे डबल मार्करमध्ये जोखीम मध्यम आली आणि एनटीची जाडी सर्वसाधारण असली, तर पुढची पायरी म्हणून एनआयपीटी करणे शहाणपणाचे ठरते.

एनआयपीटी केली म्हणून एनटी स्कॅन टाळू नये. गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी जास्त असेल तर त्याचे कारण हृदयदोष किंवा या तपासणीत न दिसणारा गुणसूत्रदोषही असू शकतो. जाडी स्पष्टपणे वाढलेली असल्यास, किंवा सोनोग्राफीत दुसरे काही व्यंग दिसल्यास, एनआयपीटीवर वेळ न घालवता थेट निदान करणाऱ्या तपासणीचा विचार करावा (प्रश्न ९).

५. माझे वय २३ आहे. ही तपासणी पस्तिशीपुढच्या बायकांसाठीच असते ना?

तसे नाही. वय वाढते तशी डाउन सिंड्रोमची शक्यता वाढते हे खरे आहे: पंचविशीत सुमारे साडेबाराशे जन्मांमागे एक, पस्तिशीत सुमारे साडेतीनशेमागे एक आणि चाळिशीत सुमारे शंभरामागे एक. परंतु तरुण वयातील बाळंतपणांची संख्याच इतकी मोठी असते की डाउन सिंड्रोमची पुष्कळ बाळे तरुण मातांच्या पोटीच जन्मतात. म्हणून कोणती ना कोणती चाळणी परीक्षा प्रत्येक गर्भवतीला देऊ करावी, मग तिचे वय काहीही असो. ती एनआयपीटीच असावी असा आग्रह नाही. पैशांची ओढाताण असेल तर चांगल्या जाणकाराकडून केलेले एनटी स्कॅन आणि डबल मार्कर हा मुळीच कमी प्रतीचा पर्याय नाही. कर्ज काढून एनआयपीटी करण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही.

६. खर्च किती येतो? आमच्या गावात होते का? नमुना उन्हात खराब होत नाही का?

तपासणीची व्याप्ती आणि प्रयोगशाळा यांनुसार खर्च साधारण दहा हजारांपासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत, आणि वाढीव तपासण्यांसह त्याहूनही अधिक होतो. रक्त जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर किंवा शहादा येथे काढता येते, पण त्याचे वाचन महानगरांतील प्रयोगशाळेत होते. अहवालाला एक ते दोन आठवडे लागतात.

उन्हाचा प्रश्न रास्त आहे. हे रक्त साध्या नळीत पाठवत नाहीत. पेशी फुटू नयेत म्हणून आत विशेष द्रव्य असलेली नळी वापरतात, आणि तिच्यातील नमुना सर्वसाधारण तापमानात काही दिवस टिकतो. आईच्या पांढऱ्या पेशी वाटेत फुटल्या तर तिचाच डीएनए वाढतो आणि वारेचा वाटा तितका घटतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना बंद गाडीत तासन्‌तास पडून राहिलेली नळी त्या मर्यादेबाहेर जाऊ शकते. तशीच बर्फाला चिकटवून गोठवलेली नळीही निरुपयोगी होते. म्हणून उन्हाळ्यात रक्त सकाळी द्यावे, आणि ते त्याच दिवशी रवाना होणार आहे का, हे विचारून घ्यावे. शनिवारी दुपारी दिलेला नमुना पुष्कळदा सोमवारपर्यंत तिथेच पडून राहतो.

७. अहवालात ‘हाय रिस्क’ आले आहे. म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोम आहेच का?

नाही. सर्वाधिक रडवेले फोन याच प्रश्नासाठी येतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

समजा पंचविशीतील दहा हजार गर्भवतींनी तपासणी केली. त्या वयात बाराव्या आठवड्याला सुमारे हजारात एका गर्भाला डाउन सिंड्रोम असतो, म्हणजे या दहा हजारांत साधारण दहा. ते बहुतेक सगळे पकडले जातील. पण हजारात एक या हिशोबाने निरोगी गर्भ असलेल्या सुमारे दहा जणींनाही ‘हाय रिस्क’ येईल. म्हणजे अहवाल हाती घेऊन बसलेल्या वीस जणींपैकी दहा जणींचे बाळ निरोगी असेल. आता चाळिशीतील दहा हजार स्त्रिया घ्या. त्यांच्यात सुमारे एकशेतीस गर्भांना आजार असेल आणि खोटे इशारे तेच दहा. म्हणजे तिथे ‘हाय रिस्क’ खरे ठरण्याची शक्यता शंभरात नव्वदहून अधिक होते. तपासणी तीच आणि यंत्र तेच, तरी आईच्या वयानुसार अहवालाचा अर्थ बदलतो. १३ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांचे आजार मुळातच दुर्मीळ असल्यामुळे त्यांच्या बाबतीत खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण आणखी जास्त असते. जाहिरातीतील ‘९९ टक्के अचूक’ या आकड्याचा आणि तुमच्या अहवालाचा म्हणूनच सरळ संबंध नाही.

खोटा इशारा येण्याची कारणेही ठाऊक आहेत. दोष कधी फक्त वारेच्या पेशींत असतो आणि गर्भ निर्दोष असतो. कधी सुरुवातीला जुळे असते आणि त्यातील एक गर्भ विरून गेलेला असतो (प्रश्न १२). कधी आईच्याच गुणसूत्रांत निरुपद्रवी फरक असतो.

म्हणून केवळ या अहवालावर गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नये. कोणी तसे सुचवले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. पुढची पायरी प्रश्न ९ मध्ये आहे.

८. ‘लो रिस्क’ आले. आता बाळ पूर्ण निरोगी आहे असे समजावे का?

ज्या आजारांची तपासणी झाली त्यांच्या बाबतीत निर्धास्त राहण्यास हरकत नाही, कारण ‘लो रिस्क’ हा अहवाल चुकण्याची शक्यता फारच थोडी असते. मात्र हृदयाची रचना, पाठीच्या कण्यातील फट, फाटलेला ओठ किंवा मूत्रपिंडाचे दोष यांबद्दल ही तपासणी काहीही सांगत नाही. त्यासाठी अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यांतील ॲनॉमली स्कॅन (गर्भाच्या अवयवांची रचना पाहणारी सोनोग्राफी) करावेच लागते. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि नियमित तपासण्याही बंद करू नयेत.

९. गर्भजल परीक्षेने गर्भपात होतो असे ऐकले आहे. ती टाळता येणार नाही का?

निश्चित निदान हवे असेल तर नाही. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत वारेचा अंश काढून, किंवा पंधराव्या-सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून, गुणसूत्रे थेट तपासली जातात. सराव असलेल्या डॉक्टरांच्या हाती या तपासणीमुळे गर्भपात होण्याचा वाढीव धोका हजारात एक ते तीन इतकाच असतो. ‘शंभरात एक’ हा आकडा जुना आहे, तरी तो अजून सांगितला जातो. एनआयपीटीत दोष दिसला असेल आणि तो फक्त वारेत असण्याची शंका असेल, तर गर्भजल परीक्षा अधिक योग्य ठरते, कारण त्यातील पेशी गर्भाच्या स्वतःच्या असतात. झटपट तपासणीचा प्राथमिक निष्कर्ष दोन-चार दिवसांत आणि पूर्ण अहवाल दोन ते तीन आठवड्यांत मिळतो.

१०. अहवाल आलाच नाही, ‘पुन्हा नमुना पाठवा’ असे कळवले. काही गंभीर आहे का?

बहुधा नाही. वारेच्या डीएनएचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांहून कमी भरले तर पुष्कळ प्रयोगशाळा निष्कर्ष देत नाहीत. रक्त फार लवकर दिलेले असणे, आईचे वजन जास्त असणे, रक्त पातळ ठेवण्यासाठी हेपरिनची इंजेक्शने सुरू असणे आणि नमुन्याची वाहतूक बिघडणे ही नेहमीची कारणे आहेत. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा दिलेल्या नमुन्यातून पुष्कळदा उत्तर मिळते, आणि अनेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. दुसऱ्यांदाही उत्तर आले नाही, तर मात्र तिसऱ्या नमुन्याच्या मागे लागू नये. १३ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या आजारांत वार लहान राहिल्यामुळेही डीएनए कमी पडू शकतो. अशा वेळी तज्ज्ञांकडून सोनोग्राफी करून थेट निदानाच्या तपासणीबद्दल बोलावे.

११. या तपासणीत मुलगा की मुलगी हे कळते ना? मग अहवालात का लिहीत नाहीत?

तंत्राला ते कळते. कायद्याने ते सांगता येत नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. प्रसवपूर्व निदान चाचणीच्या त्या कायद्यातील व्याख्येत गर्भवतीच्या रक्ताच्या तपासणीचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे ‘हे काही सोनोग्राफी नव्हे, रक्त आहे’ ही पळवाट नाही. शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने लिंग सांगणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिंग जाणून घेण्यासाठी तपासणी करवून आणणाऱ्या नातेवाइकांनाही कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गर्भवतीवर घरच्यांनी जबरदस्ती केली असेच कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध होईपर्यंत.

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. ‘परदेशात नमुना पाठवला तर सांगतात म्हणे’ अशी विचारणा करणाऱ्यांना आमच्याकडून याहून वेगळे उत्तर मिळणार नाही. हिमोफिलियासारखा लिंगाशी निगडित आजार घराण्यात असेल, तर त्याचे निदान कायद्याला मान्य आहे. परंतु त्याचा मार्ग नोंदणीकृत जनुकीय केंद्रातून, समुपदेशनानंतर जातो.

१२. जुळे असेल किंवा आयव्हीएफने गर्भ राहिला असेल, तर ही तपासणी चालते का?

जुळ्यांमध्ये डाउन सिंड्रोमसाठी ती चांगली चालते, पण जोखीम जास्त आली तर दोनपैकी कोणत्या गर्भाची हे रक्तावरून कळत नाही. एक गर्भ विरून गेला असेल, तर त्याच्या वारेचा डीएनए पुढे कित्येक आठवडे रक्तात येत राहतो आणि अहवालाची दिशाभूल करतो. अशा वेळी एनटी स्कॅनवर अधिक भर द्यावा. आयव्हीएफमध्ये, विशेषतः दात्याचे स्त्रीबीज वापरले असेल तर, ते अर्जावर नमूद केलेच पाहिजे, कारण काही पद्धती अशा गर्भारपणात वापरता येत नाहीत. घरच्यांपासून ही गोष्ट लपवायची असेल तर तसे डॉक्टरांना एकांतात सांगावे, पण प्रयोगशाळेपासून लपवू नये. अवयव प्रत्यारोपण किंवा अलीकडे रक्त चढवलेले असणे हेही आधी सांगावे.

१३. आमच्या भागात सिकलसेल आहे. तो यात कळतो का?

नाही, आणि नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, तसेच शिरपूर, साक्री, चोपडा आणि यावल या तालुक्यांतील वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि अन्य आदिवासी समाजांत सिकलसेलचे वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारे) लक्षणीय प्रमाणात आढळतात. नेहमीची एनआयपीटी गुणसूत्रांची संख्या मोजते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे एकाच जनुकातील बदलामुळे होतात आणि त्यात गुणसूत्रांची संख्या अगदी बरोबर असते. त्यामुळे वीस हजार रुपये खर्चून ‘लो रिस्क’ अहवाल मिळालेल्या जोडप्यालाही सिकलसेलचे बाळ होऊ शकते.

येथे उपयोगाची तपासणी कितीतरी स्वस्त आहे आणि शासकीय यंत्रणेत ती होते. प्रथम सोल्युबिलिटी चाचणी करतात आणि ती सकारात्मक आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या चाचण्यांनी खात्री करतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. पत्नी वाहक निघाली तर पतीची तपासणी लगेच करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वारेचा अंश तपासून अकराव्या आठवड्यापासून निदान करता येते. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात, म्हणून तेथेही हाच क्रम लागू आहे. मामेबहिणीशी किंवा अन्य जवळच्या नात्यात लग्न झाले असेल, तर अशा आजारांची शक्यता वाढते. त्याबद्दलही एनआयपीटी मौन बाळगते.

१४. पहिल्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. या वेळी काय करावे?

आधी त्या मुलाचा गुणसूत्र अहवाल शोधावा. जास्तीचे २१ वे गुणसूत्र सुटे असेल (बहुतेकांत असेच असते), तर तरुण मातेत पुन्हा तसे होण्याची शक्यता सुमारे शंभरात एक असते, आणि एनआयपीटी करणे किंवा थेट निदान करणे हे दोन्ही पर्याय खुले असतात. ते दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेले असेल, तर आई-वडील दोघांचीही गुणसूत्र तपासणी आवश्यक ठरते, कारण त्यांपैकी एक जण निरोगी वाहक असू शकतो आणि मग शक्यता बरीच वाढते. यात दोष सुनेचाच असतो हा समज निराधार आहे.

१५. प्रयोगशाळेने मोठे पॅनेल सुचवले आहे. ते घ्यावे का?

मोठे पॅनेल म्हणजे नेहमीच्या तीन आजारांपलीकडे आणखी आजारांची तपासणी. त्याबाबत आमचे मत सहसा नकाराचे आहे. गुणसूत्रांचे सूक्ष्म तुकडे गळाल्याने होणारे आजार फार दुर्मीळ आहेत, त्यामुळे प्रश्न ७ मधील हिशोब येथे आणखी बिघडतो आणि ‘हाय रिस्क’ आलेल्यांपैकी अनेक जणींचे बाळ निरोगी निघते. सोनोग्राफीत व्यंग दिसले असेल तर गर्भजलावरील मायक्रोॲरे ही गुणसूत्रांतील सूक्ष्म फरक शोधणारी तपासणी याहून कितीतरी अधिक माहिती देते.

१६. अहवालातून आईचाच एखादा आजार कळतो हे खरे आहे का?

क्वचित. रक्तातील बहुतांश मोकळा डीएनए आईचाच असल्यामुळे तिच्या गुणसूत्रांतील फरक, आणि फारच विरळा तिच्या शरीरातील कर्करोग, मोजणीत विचित्र आकृतिबंध दाखवतो. एकाच वेळी अनेक गुणसूत्रे असामान्य दिसली आणि गर्भ निर्दोष निघाला, तर आईची तपासणी करून घ्यावी.

१७. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे. याच रक्तातून बाळाचा रक्तगट कळेल का?

तंत्राने शक्य आहे आणि युरोपातील काही देशांत ते नियमित वापरात आहे; पण नेहमीच्या एनआयपीटी अहवालात ते नसते. आपल्याकडे अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून दिले जाणारे) घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

१८. संमतीपत्रावर सही नवऱ्याने करायची की बायकोने? सगळे इंग्रजीत असते.

गर्भवतीने. तिला समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन तिची लेखी संमती घ्यावी असे कायदा सांगतो. तिला अहिराणी, भिली किंवा पावरीच नीट समजत असेल, तर त्या भाषेत समजावून सांगण्याचा आग्रह धरावा. तिच्या डोक्यावरून जाणारे इंग्रजी वाचून दाखवणे म्हणजे माहिती देणे नव्हे.

१९. निदान पक्के झाले आणि गर्भ ठेवायचा नसेल, तर कायद्याने किती वेळ असतो? आम्ही ऊसतोडीला जातो.

२०२१ च्या दुरुस्तीनुसार विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान, गर्भातील गंभीर दोषासह ठरावीक कारणांसाठी, दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यानंतर गर्भदोषाच्या कारणासाठी, तो गंभीर असल्यास आणि वैद्यकीय मंडळाने परवानगी दिल्यासच गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची सही कायद्याने आवश्यक नाही.

आता दिवसांचा हिशोब पाहावा. अकराव्या आठवड्यात रक्त दिले तर तेराव्यापर्यंत अहवाल, सोळाव्यात गर्भजल परीक्षा आणि एकोणिसाव्यापर्यंत पूर्ण निदान होते. तेच रक्त सोळाव्या आठवड्यात दिले तर निदान बाविसाव्याच्या आसपास जाते आणि धावपळ सुरू होते. दसऱ्यानंतर गुजरातेत किंवा अन्यत्र ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वीच तपासणी करावी, सुरू असणारा मोबाइल क्रमांक नोंदवावा आणि संपूर्ण फाइल सोबत न्यावी. अहवाल गावात आणि गर्भवती फडावर, असे होऊ देऊ नये.

२०. निदान पक्के झाले तरी आम्हाला बाळ हवे आहे. मग ही सगळी तपासणी व्यर्थ गेली का?

मुळीच नाही. डाउन सिंड्रोमच्या सुमारे निम्म्या बाळांना हृदयदोष असतो. तो आधी कळला तर गर्भाच्या हृदयाची विशेष सोनोग्राफी करून, नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयात प्रसूतीची व्यवस्था करता येते. धडगावहून ऐन वेळी निघण्यापेक्षा हे कधीही बरे. जन्मानंतर बाळाच्या रक्तातून गुणसूत्र तपासणी, हृदयाची इको आणि थायरॉइडची तपासणी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोम आणि जन्मजात हृदयदोष या दोन्हींचा समावेश आहे, आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढील उपचार व थेरपी मिळते. तेथे जाण्यासाठी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून संदर्भपत्र घ्यावे.